मामा, वाईची कृष्णा तरुण की म्हातारी?

घाटमाथा

गेल्या रविवारी वाईला बहिणीकडे होतो. भाची नववीत आहे. शाळेसाठी तिने नदीचा तक्ता केला होता. कार्डशीटवर तीन रकाने: युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था. पहिल्यात धबधबा आणि व्ही आकाराची दरी, दुसऱ्यात नागमोडी वळणं, तिसऱ्यात त्रिभुज प्रदेश. रंगवून झालं होतं, फक्त खाली आपल्या भागातली उदाहरणं लिहायची राहिली होती. पेन्सिल चावत तिने विचारलं, "मामा, वाईची कृष्णा कुठल्या रकान्यात घालू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कृष्णेची एकूण लांबी १४०० किलोमीटर, आणि वाई उगमापासून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर. त्या हिशेबाने नदी अजून पाळण्यातच असायला हवी. पण गणपती घाटावर उभं राहून बघा. पात्र पसरट, पाणी संथ, आजूबाजूला हळदीची आणि उसाची सपाट रानं, डोंगर दोन्हीकडे लांब सरकून बसलेले. तरुणपणाची एक खूण दिसत नाही. पावसाळ्यात मात्र हीच बाई अशी येते, की ढोल्या गणपतीचं देऊळ बांधताना रास्ते सरदारांनी मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली, म्हणजे पुराचा लोंढा दुभंगून दोन बाजूंनी जाईल. १७६२ चं बांधकाम आहे, अजून उभं आहे. नदीशी भांडायचं नाही, तिला वाट काढून द्यायची, हे त्या गवंड्याला कळत होतं.

तर तक्त्यात वाई कुठे, यावर आमचा अख्खा रविवार गेला. त्यातून जे निघालं ते इथे टाकतोय. मी भूगोलवाला नाही, घाटवाटा तुडवणारा आहे. चुकलं तर कान धरा.

सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरापासून. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाच नद्या एकाच गोमुखातून पडतात असं आपण मानतो. प्रत्यक्षात पाणी येतं ते माथ्यावरच्या जांभ्यातून. जांभा सच्छिद्र, चार महिने पाऊस पितो आणि खालच्या काळ्या पाषाणावर अडलं की कडेकडेने झरे सोडतो. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पिऊन बसलेला स्पंजच तो.

गंमत पुढे आहे. या पाचांपैकी सावित्री पश्चिमेला जाते. पुराणातली गोष्ट माहीत असेलच: ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला उशीर झाला, गायत्रीला तिच्या जागी बसवलं, सावित्रीने रागाने सगळ्यांना नद्या व्हा म्हणून शाप दिला आणि स्वतः कड्यावरून उडी घेतली. आर्थर सीटवर उभं राहिलं की ती उडी दिसते. जवळजवळ सव्वा किलोमीटर उंची ती एका दमात घालवते. पोलादपूरला येईपर्यंत शंभर मीटरच्याही खाली, आणि एकूण शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये बाणकोट-हरिहरेश्वराला अरबी समुद्रात.

कृष्णा त्याच माथ्यावरून निघते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत फक्त ६४ किलोमीटर. पण ती पाठ फिरवते आणि १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. एकच पाऊस, एकच पाषाण, एकच देऊळ. फरक फक्त उताराचा. सावित्रीचा उतार कड्यासारखा, म्हणून ती खाली कापत जाते. कृष्णा जोर गावच्या खोऱ्यात पडते, बलकवडी, धोम करत वाईला येते, तिथे उंची सातशे मीटरच्या आसपास. म्हणजे उगमापासून सहाशे मीटर इथेच संपले. पुढे सांगली साडेपाचशेच्या आसपास. वाई ते सांगली या एवढ्या मोठ्या टप्प्यात उतार किलोमीटरला मीटरभर! खाली कापायला जोरच उरत नाही. मग नदी काय करते? आडवी कापते. इकडचा काठ खाते, तिकडे टाकते.

मध्ये कराडला थांबायलाच हवं. कोयना महाबळेश्वरातूनच निघते, पण सह्याद्रीच्या कण्याला समांतर साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकला एकदम काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेच्या समोरून येऊन धडकते. दोन नद्या समोरासमोर भेटून तिसऱ्या दिशेला निघतात असा संगम मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. प्रीतिसंगम नाव कुणी दिलं माहीत नाही, पण पुरात तिथे उभं राहिलात तर प्रीतीपेक्षा कुस्ती वाटते.

आता भाचीच्या तक्त्याची खरी पंचाईत. सांगलीला कृष्णा पुस्तकातल्यासारखी प्रौढ झाली, वळणं घेतली, मळी (काठची गाळाची जमीन) टाकली. पुढे कर्नाटकात अलमट्टी, नारायणपूर ही धरणं. इथून ती आणखी थकत जायला हवी ना? नारायणपूरच्या खाली, रायचूर जिल्ह्यातल्या लिंगसुगूर तालुक्यात जलदुर्ग नावाचा आदिलशाही किल्ला आहे. तिथे कृष्णा पाचेक किलोमीटरच्या आत सुमारे १२० मीटर खाली उतरते. उगमापासून कितीतरी शे किलोमीटर चालून आलेली नदी, आणि एकाएकी घळई, धबाबा, कातळ! दख्खनच्या काळ्या पाषाणाचा पत्रा तिथवर संपलेला असतो आणि खालचा अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला ग्रॅनाइट उघडा पडलेला. बरं, तिथे तारुण्य संपलं म्हणाल तर पुढे नल्लमलाच्या डोंगरात श्रीशैलमजवळ ती पुन्हा खोल घळईत शिरते. १६७७ मध्ये शिवाजी महाराज श्रीशैलला गेले, ती हीच कृष्णा. देवळापासून पात्रापर्यंत पाताळगंगेच्या पायऱ्या उतरून बघा, गुडघे सांगतील नदी किती खाली गेलीय.

म्हणजे क्रम असा लागतो: तरुण, प्रौढ, म्हातारी, परत तरुण, परत प्रौढ, परत तरुण, आणि शेवटी त्रिभुज प्रदेश. भाची म्हणाली, "मामा, तीन रकान्यांत बसत नाही." नाहीच बसत. मला वाटतं नदीला वय नसतंच. तिला फक्त उतार, पाणी आणि अंगावरचा गाळ एवढंच कळतं. जिथे जसा उतार, तिथे तसं काम.

तुमच्या गावच्या नदीचं काय?

मळीरान

वा घाटमाथा, आमच्या दारातला विषय काढलात. मिरज तालुक्यात नदीकाठी शेत आहे, म्हणून थोडं.

तुम्ही 'इकडचा काठ खाते, तिकडे टाकते' एका ओळीत लिहून मोकळे झालात. आमच्याकडे त्यावर दोन पिढ्या भाऊबंदकी झाली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात असते, तिकडची दरड खालून पोखरते आणि एक दिवस बाभळीसकट खाली बसते. आतल्या अंगाला पाणी मंद, तिथे वाळू, मग पोयटा. माझ्या आज्ज्याचं रान बाहेरच्या अंगाला होतं. त्याच्या हयातीत दोन बांध नदीत गेले. समोरच्या काठावर मळी वाढत गेली. कागदावर जमीन आमची, उभं पीक त्यांचं. शेवटी पंचांनी सांगितलं, नदीवर दावा लावा.

मळीची माती हातात घेऊन बघा. लोण्यासारखी. कृष्णाकाठची वांगी सगळ्यांना माहीत आहेत, पण ती वांगी मळीची आहेत, नुसत्या काठाची नव्हेत. काठापासून आत गेलात की भारी काळी, पाणी धरून ठेवणारी. तिथे सत्तर वर्षं उसाला पाटाने पाणी सोडून आम्ही क्षारपड करून ठेवलीय. सपाटी झाली की निचरा जातो. नदीनं सपाटी दिली, तिच्याबरोबर हेही दिलं, असं म्हणा. (पाणी सोडणारे हात आमचेच, ते वेगळं.)

आणि पूर. आमच्याकडे पूर लिटरमध्ये, क्युसेकमध्ये कुणी मोजत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावर फुटात मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. त्या आठवड्यात कळलं की 'पूरमैदान' हा शब्द पुस्तकातला नाही. नदी आपलं मैदान मागायला येते. आपण तिथे अपार्टमेंट बांधलेलं असतं.

शंकेखोर

लेख आवडला. एक शंका. सावित्री आखूड म्हणून खाडी, कृष्णा लांब म्हणून त्रिभुज प्रदेश, असा तुमचा सूर दिसतो. मग नर्मदेचं काय? १३१२ किलोमीटर लांब, गाळ भरपूर, तरी पश्चिमेला खाडीच. तापीचंही तेच. लांबीचा मुद्दा तिथे लंगडा पडतो.

घाटमाथा

@शंकेखोर, पकडलंत. मी लांबीचं म्हणालो नव्हतो, पण वाचताना तसं वाटतं खरं. नर्मदेचं उत्तर माझ्याकडे नाही. जाणकार कुणी?

@मळीरान, 'नदीवर दावा लावा' ला दंडवत.

दगडगोटे

भूशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, जरा लांबण लागेल.

आधी तक्ता. युवा-प्रौढ-वृद्ध ही भाषा विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकन भूगोलकाराची, १८९९ च्या सुमाराची. पण त्याने ती संपूर्ण प्रदेशासाठी वापरली होती: जमीन नव्याने वर उचलली गेली की तरुण, लाखो वर्षं झिजत सपाट झाली की वृद्ध. म्हणजे ते काळाचे टप्पे होते. पुढे शाळेच्या पुस्तकांनी तेच शब्द उचलून एकाच नदीच्या लांबीवर पसरले. त्यामुळे भाचीचा प्रश्न बरोबर आणि तक्ता चुकीचा. वरचा टप्पा, मधला टप्पा, खालचा टप्पा म्हटलं तर निदान कुणाचं वय काढावं लागत नाही.

दुसरं, जलदुर्गसारख्या जागा. नदीचा उगमापासून मुखापर्यंतचा उतार काढला तर आदर्श नदीत तो सुरुवातीला तीव्र आणि पुढे मंद होत जाणारा गुळगुळीत वक्र येतो. मध्येच अशी ठेच लागली की समजायचं, एक तर खडक बदलला किंवा जमीन हलली किंवा नदीचा पाया खाली गेला. ही ठेच जागेवर बसत नाही. पाणी कड्याच्या पायथ्याशी खणतं, वरचा भाग ढासळतो, कडा इंचाइंचाने मागे, उगमाकडे सरकतो. जगातले बहुतेक धबधबे असेच मागे मागे चाललेत.

तिसरं, वाई. तिथल्या दरीची रुंदी आणि आत वाहणारी नदी यांचं प्रमाण जमत नाही, हे बरोबर टिपलंत. एवढी रुंद दरी कोरायला एवढीशी नदी पुरत नाही. भूशास्त्रज्ञांमधला एक मोठा मतप्रवाह असा, की सह्याद्रीचा कडा पूर्वी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. कोकणातल्या तीव्र उताराच्या नद्या मागे मागे खात आल्या, कडा पूर्वेला सरकला आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जुन्या नद्यांची डोकी तुटली. डोकं गेलं, रुंद दरी उरली. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कास या जांभ्याच्या टोप्या म्हणजे त्या जुन्या पठाराच्या उरलेल्या चिंध्या. सावित्री आणि कृष्णा आज शेजारी निघतात, पण त्यात सावित्रीचा हात वरचढ आहे. लाखो वर्षांनी ती कृष्णेचं पाणी पळवेल. पुस्तकात याला नदीचौर्य म्हणतात.

माणसाला मात्र एवढा धीर नसतो. कोयनेचं पाणी आपण बोगद्यांतून पोफळीला उतरवतो, वीज करतो आणि वाशिष्ठीत सोडतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) मान्य केलंय. पूर्वेला जाणारी नदी पश्चिमेला वळवली, तीही काही दशकांत. निसर्गाला यासाठी कडा कोसळवत बसावं लागलं असतं.

@शंकेखोर, नर्मदेबद्दल. त्रिभुज प्रदेश होतो की नाही हे नुसती नदी ठरवत नाही. तिने आणलेला गाळ समुद्राला पळवता येतो का, यावर ते आहे. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, देशातला सगळ्यात मोठा. दिवसातून दोनदा एवढं पाणी आत-बाहेर झालं की गाळ एका जागी बसणार कसा? बंगालच्या उपसागराच्या बाजूला, कृष्णेच्या मुखाशी भरती त्या मानाने किरकोळ. शिवाय कोकणच्या खाड्यांना आणखी एक कारण आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हाच्या नद्यांनी लांबवर दऱ्या कोरल्या. मग बर्फ वितळलं, समुद्र वर आला, दऱ्यांची तोंडं बुडाली. खाडी म्हणजे बुडालेली दरी. सावित्रीसारख्या आखूड नदीकडे ती भरून काढण्याइतका गाळच नाही.

अवांतर: वेग दुप्पट झाला की पाणी चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकतं. कागदावरचा हिशेब आहे, पण वाईचा माशाच्या तोंडाचा गणपती का टिकला, ते यावरून कळेल.

पिंपळपार

वाचनखूण साठवली. दगडगोटे सर, तुमचा वेगळा धागा काढा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दासगावकर

सावित्रीवाले आले का कुणी? मी येतो मग.

सर म्हणतात तशी बुडालेली दरी आम्ही रोज बघतो. भरतीचं पाणी बाणकोटपासून आत चढत दासगावच्याही पुढे जातं. महाड एकेकाळी बंदर होतं, गलबतं यायची, यावर आता पोरांचा विश्वास बसत नाही. गाळ साचत गेला. खाडीच्या दोन्ही काठांना खारफुटी, तिच्या मुळांत चिखल अडकतो, काठ पुढे सरकतो. खारभूमीचे बांध घालून आमच्या पणज्यांनी त्यात भात काढला. त्रिभुज प्रदेश नसेल, पण आमची नदीही जमीन करते हो, गुंठ्यागुंठ्याने.

पण सावित्रीचं खरं रूप जुलैत. वरून सह्याद्रीचा पाऊस येतो, खालून उधाणाची भरती, आणि दोघांच्या मध्ये महाड. गांधारी आणि काळ याच परिसरात येऊन मिळतात. घाटावरच्या नदीला पूर यायला दोन दिवस लागतात. आमच्याकडे झोपताना अंगण कोरडं आणि पहाटे ओटीवर पाणी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, माणसांनी भरलेल्या एसट्यांसकट. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला, त्याच दिवशी महाडात आणि चिपळुणातही पाणी. डोंगर असा कोसळतो, नाल्यातून नदीत येतो आणि शहराशेजारी उतार संपला की तिथेच बसतो. पात्रात बेटं झाली होती, पुरानंतर ती उपसायचं काम निघालं. तक्त्यात 'निक्षेपण' लिहितात ना, ते आमच्याकडे जेसीबीने उचलतात.

घाटमाथा, तुम्ही आर्थर सीटवरून खाली बघता. एकदा खालून वर बघायला या.

खरंबोला

सांगलीचा पूर म्हणजे अलमट्टी. बाकी सगळी पुस्तकी चर्चा. धरणाची उंची वाढवली की फुगवटा इथवर येणार, हे शेंबडं पोर सांगेल.

मळीरान

दादा, मीही २०१९ च्या ऑगस्टात हेच ओरडत होतो. शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र तसं म्हटलेलं नाही. पाऊस किती पडला, पात्रात आणि पूररेषेत आपण काय काय बांधलं, हेही बघा. आणि धरणं नव्हती तेव्हाही नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार होत होतंच की. पाणी एका दारानं आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, लोक त्यात स्नान करतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर देऊळ बांधतानाच पाणी येणार हे धरून चालले होते.

खरंबोला

तुमची समिती तुम्हाला लखलाभ.

संपादक

अलमट्टीवर आधीचे दोन धागे चालू आहेत, ती चर्चा तिकडे न्यावी. इथे नदी आणि भूरूपं एवढंच.

चंद्रभागा_तीरी

मी पंढरपूरची. आमच्या नदीचं नावच वळणावरून पडलंय! भीमा गावाला चंद्रकोरीसारखी वळसा घालते म्हणून चंद्रभागा. आणि नदीतल्या वाळूला आम्ही वाळवंट म्हणतो. बाहेरच्या लोकांना वाटतं राजस्थानचं काहीतरी. वारीला ते वाळवंट लागतंच. लहानपणी पाय पोळायचे इतकी वाळू होती. आता उपसून उपसून जागोजागी खड्डे झालेत, वर पाणी दिसतं आणि खाली डोह. भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेलाच मिळते, तेव्हा तक्त्यात आम्हालाही कोपरा द्या.

रांजणखळग्यांचं कुणीच कसं काढलं नाही? निघोजला कुकडीच्या पात्रात बघितलेत का? गोटे भोवऱ्यात सापडून गरगर फिरतात आणि कातळात रांजण कोरतात. काही इतके खोल की आत उतरलेला माणूस दिसणार नाही. कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे तीही आपल्याच घरची.

मांडवीतीर

गोव्यातून. म्हादई आमच्याकडे येते ती बेळगावच्या बाजूच्या घाटातून, आणि पणजीला पोचेस्तोवर तीही सावित्रीसारखी बुडालेली दरी होऊन जाते. फक्त आमच्याकडे मध्ये बेटं आहेत: दिवाडी, चोडण, सांतइस्तेव्ह. शेवटच्याला आम्ही जुवें म्हणतो. जुवें म्हणजेच नदीतलं बेट.

दासगावकरांच्या खारभूमीला आमच्यात खाजन. मातीचा बांध, त्यात लाकडी दारांचं मानस. भरतीला दार आपोआप लागतं, ओहोटीला उघडतं. आत कोर्गुट भात, खारं पाणी सोसणारं. नदी, समुद्र आणि माणूस या तिघांनी मिळून केलेली जमीन ती. बांधाची डागडुजी दोन वर्षं कुणी केली नाही की तिसऱ्या वर्षी खारफुटी परत आत. आमच्या वाड्यावरच्या खाजनात हेच चाललंय. मी मुंबईला होतो, भाऊ दुबईला. कोण घालणार माती?

बेझवाडकर

नोकरीमुळे अकरा वर्षं विजयवाड्यात आहे. मूळचा कराडचा, म्हणजे कृष्णेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आलोय. मुखाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

विजयवाड्याला नदी शेवटच्या डोंगरांमधून बाहेर पडते. तिथेच प्रकाशम बॅरेज आहे, १९५७ चं. त्याच्या आधी १८५५ मध्ये ब्रिटिश इंजिनिअर आर्थर कॉटनच्या योजनेतला बंधारा झाला होता. त्याच्याखाली डोंगर संपले. सपाट म्हणजे किती सपाट, तर सायकल चालवताना चढ लागला की समजायचं पूल आला.

पण ती सपाटी फसवी आहे, हे इथल्या एका शेतकऱ्याने मला दाखवलं. नदीच्या काठाची जमीन उंच असते आणि नदीपासून लांब जाल तशी खोलगट. पुराचं पाणी काठ ओलांडताना पहिल्या टप्प्यातच जड गाळ टाकतं, म्हणून काठ वर्षानुवर्षं उंचावत जातात. जुनी गावं, देवळं, आंब्याच्या बागा या उंचवट्यावर. भात खोलगटात. कॉटनच्या लोकांनी कालवे काढले ते याच उंचवट्यांच्या अंगाने, मग पाणी आपसूक दोन्हीकडे उतरतं, पंप नको. नदीने आधीच आखून ठेवलेलं होतं, यांनी फक्त खणलं.

पुलिगड्ड्याजवळ नदी फुटते. दोन फाट्यांच्या मध्ये दिवीसीमा. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात समुद्र या सपाटीवर चालून आला, हजारो माणसं गेली. इथल्या म्हाताऱ्या लोकांच्या बोलण्यात अजून वर्ष मोजायला 'उप्पेना'च्या (समुद्राच्या त्या लाटेच्या) आधी की नंतर असंच येतं. गाळाची जमीन सुपीक असते खरी, पण ती समुद्रापेक्षा वीतभरच उंच असते.

हंसलदीवीला संगम आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मे महिना होता. नदी म्हणावी असं पाणीच नव्हतं, समुद्रच आत आलेला. नागार्जुनसागर, श्रीशैलम, अलमट्टी सगळ्यांनी अडवल्यावर उरणार काय. पाणी अडलं तसा गाळही अडला, आणि आता किनाऱ्याचे काही भाग पुढे सरकायच्या ऐवजी मागे चाललेत. किनाऱ्यावर काळपट वाळू होती, मूठभर रुमालात बांधून कराडला आईला नेऊन दिली. म्हटलं, आपल्याच सह्याद्रीचा दगड आहे, परत आणलाय.

दगडगोटे

बेझवाडकर, फार सुंदर लिहिलंत. एक चूक काढतो, राग मानू नका. तुमच्या रुमालातली काळी वाळू बहुधा सह्याद्रीची नाही. त्या किनाऱ्यावरची जड काळी वाळू इल्मेनाइटसारख्या खनिजांची असते आणि ती मुख्यतः पूर्व घाटाच्या खडकांतून येते. आपला काळा पाषाण एवढ्या प्रवासात वाळू म्हणून टिकतच नाही. त्याची चिकणमाती होते. तुम्ही भातखाचरात पाय घातलात आणि बोटांच्या फटीत जो काळा चिखल अडकला, त्यात मात्र दख्खन नक्की आहे.

बेझवाडकर

हात्तिच्या. आईने ती देव्हाऱ्यात ठेवलीय. तिला नाही सांगत.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

भाचीचा वृत्तांत: तीन रकाने खोडले. नव्या कार्डशीटवर तिने आडवी रेघ मारून महाबळेश्वर ते हंसलदीवी अंतर घेतलं, उभ्या रेघेवर उंची, आणि कृष्णेचा उतार काढला. त्यात जलदुर्गची ठेच आलीय. वर कोपऱ्यात सावित्रीची रेघ, सरळ कोसळणारी. चंद्रभागा ताई, भीमेला कोपरा दिलाय, निघोजसकट. वाई नुसती ठिपक्याने दाखवलीय, वय लिहिलेलं नाही. बाईंनी दहापैकी सात दिले. 'अवस्था लिहिल्या नाहीत' म्हणून तीन कापले.

दिवाळीनंतर जलदुर्गला जायचा विचार आहे. नारायणपूरमधून पाणी सोडलेलं असताना जावं म्हणतात. लिंगसुगूरकडून गाडी किल्ल्यापर्यंत जाते का, कुणी गेलंय?

पिंपळपार

आम्ही गेलो होतो, पण उन्हाळ्यात. सगळा कातळ उघडा, पाणी बारीक धारेला. गाडीचा प्रश्न आला नाही, पण मुक्काम लिंगसुगूरलाच करा, पुढे खायला काही मिळालं नाही आम्हाला. जाताना डबा घ्या.